दोऱ्याची रेघ

५ जानेवारी

सूनबाईनं ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, तुम्ही चित्र कसं काढता ते लिहून ठेवत जा. लोकांना त्यात फार रस असतो." लोकांना कशात रस असतो ते मला माहीत नाही, पण वहीचा कागद चांगला आहे, शाई पसरू देत नाही, म्हणून लिहिते. मात्र ही वही कोणाला दाखवायची नाही, हे आजच ठरवून टाकलं. लोकांनी चित्र बघावं.

चित्र म्हणजे माझं काय, ते एकदाच लिहून मोकळी होते. चौतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक फिल्मवर शाईनं उतरवायचं, हे माझं काम. पंप, व्हॉल्व्ह, टाक्या आणि मैलोगणती पाइप. शेवटच्या आठ वर्षांत कॉम्प्युटर आले आणि मला फाइलींवर नंबर टाकायला बसवलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, वही नवी आहे.

निवृत्तीनंतर पाच वर्षं मी घर आवरत होते. आवरलेलंच परत आवरत होते. मग गेल्या वर्षी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. मिस्त्रींनी तो उघडून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला आणि मला राहवेना. (मिस्त्री म्हणजे आमचे हे. चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, मीसुद्धा.) माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड उतरवला आणि नळाचं चित्र काढलं. प्रत्येक भाग सुटा, पण आपापल्या जागेच्या रांगेत, जणू नळ उघडता उघडता मध्येच थांबलाय. सूनबाईनं त्याचा फोटो काढून फोनवर टाकला. तीन हजार लोकांना आवडला. ऑफिसात माझं काम जास्तीत जास्त चार जण बघायचे, त्यातला एक शिपाई.

त्यानंतर कुलूप काढलं, मग मिक्सर. आता शिलाई मशीन काढायचं आहे. दुकान बंद केलं तेव्हा मिस्त्रींनी एकच मशीन घरी आणलं होतं, ते. एवढं मोठं चित्र मी नोकरीतही केलेलं नाही. मला जमेल का, असा प्रश्न मनात आला होता. जमेल.

सूनबाईनं आत्ता डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आई, अक्षर किती बारीक हो तुमचं. पूर्वी एवढं नव्हतं." म्हटलं, ट्रेसरचं अक्षर आहे, मुरत चाललंय.

९ जानेवारी

मशीन उघडायला चार दिवस लागले. घाई आणि मिस्त्री यांचं जन्माचं वैर आहे. स्क्रू काढला की तो रॉकेलनं पुसायचा, भिंगातून बघायचा, त्याची विचारपूस करायची आणि मग पांढऱ्या चादरीवर नेमून दिलेल्या जागी ठेवायचा. एकशे बेचाळीस भाग झाले. मधल्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही. सूनबाई दारातूनच म्हणाली, "बाबा, हे परत जोडता येईल ना?" मिस्त्रींनी हातातला चिमटा खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

मुलगा कामासाठी दूर असतो, महिन्यातून दोन दिवस येतो. तोवर घरात आम्ही तिघं आणि हे एकशे बेचाळीस.

आमची पद्धत अशी आहे. मिस्त्री एक भाग चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात फिरवतात. मी मापं घेते, पेन्सिलीनं कच्चं काढते, मग शाई. प्रत्येक भाग काय करतो ते त्यांनी सांगितल्याशिवाय मी काढत नाही. ऑफिसात विचारायची सोय नव्हती. ट्रेसरनं विचार करायचा नाही, समोर आहे तसं उतरवायचं. आता विचारते. आज एक पत्र्याची पट्टी आली. मिस्त्री म्हणाले, "ही स्वतः काही करत नाही. आजूबाजूच्या तिघांना जागेवर धरून ठेवते." म्हटलं, ओळखते मी हिला.

या चित्रात एकच गोष्ट वेगळी आहे. बाकी सगळ्याला पट्टी, त्रिकोण, कंपास यांचा आधार असतो. पण रिळापासून सुईपर्यंत दोरा जातो, सगळ्या सुट्या भागांमधून वळणं घेत. त्याला कसलाच आधार नाही, नुसत्या हातानं काढायचा. मिस्त्री म्हणतात, दोरा नसेल तर ते भंगारचं दुकान दिसेल. खरं आहे. दोरा शेवटी काढायचा ठरवलं.

२१ जानेवारी

थंडी मी म्हणते आहे. पेन टेकवलं की रेघेच्या सुरुवातीला टिंबं उमटतात. दोन दिवस हाच त्रास. बोर्डाखालचं टेबल हलतंय हे माझ्या लक्षात आलं. मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, मग वर लेव्हल ठेवून पाहिलं. बुडबुडा बरोबर मध्ये. तरी हलतंय, मी म्हटलं, तुमचं लेव्हलच बिघडलं असणार. त्यांनी दुसऱ्या पायाखालीही घडी घातली.

दूध करपलं. मी शेगडीपासून चार पावलांवर बसले होते आणि मला वाससुद्धा आला नाही. सूनबाई धावत आली. याला म्हणतात कामात बुडणं. ऑफिसात एकदा शेजारच्या टेबलाला आग लागली होती आणि मी अर्धा व्हॉल्व्ह पूर्ण करून उठले होते.

मिस्त्री हल्ली मला चहा अर्धा कपच देतात. म्हणतात, थोडा थोडा घेतला की गरम राहतो. स्वेटरची बटणंही लावून देतात. जिना उतरताना कोपर धरतात. चाळीस वर्षं दुकानात घालवल्यावर आता यांचं प्रेम उतू चाललंय. मी चालवून घेते.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्यानं मढवून ठेवण्यासारखा.

शटलचा भाग पूर्ण झाला होता, म्हणजे मशीनच्या पोटातला तो गोल भाग ज्यात बॉबिन बसते. सूनबाईनं एवढाच तुकडा फोनवर टाकला. हातानं काढलेल्या चित्रांचा एक मोठा गट आहे, दोन लाख माणसं त्यात आहेत, तिथंही टाकला. संध्याकाळपर्यंत नव्वद हजार लोकांनी पाहिला. त्या गटाचं दरवर्षी एक प्रदर्शन भरतं, खरंखुरं, भिंतीवर चित्रं लावून. गटाच्या प्रमुखबाईंनी लिहिलं की पूर्ण झाल्यावर हे चित्र प्रदर्शनात पहिल्या भिंतीवर लावू.

पण मला त्याहून जास्त आनंद एका गृहस्थांच्या ओळीनं झाला. त्यांनी लिहिलं, "ही रेघ माणसाच्या हातची नाही. हे मशीनचं काम आहे."

आमच्या ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते, कपाळावर कायमची आठी. चौतीस वर्षांत त्यांनी माझं ड्रॉइंग उजेडाकडे धरून दोनदा म्हटलं होतं, "हे माणसाचं वाटत नाही." त्या दोन्ही दिवशी मी घरी चालत गेले होते, बसमध्ये बसून राहवेना म्हणून. आमच्यात याच्या वरची शाबासकी नाही. आणि आज एका अनोळखी माणसानं ती न मागता दिली. मी सूनबाईला न विचारता स्वतःच्या हातानं उत्तर टाइप केलं. बोट दोन-दोनदा पडत होतं, पण केलं. "आपल्या या शब्दांबद्दल शतशः आभारी आहे."

४ फेब्रुवारी

काय करून बसले मी.

सूनबाईनं ऑफिसातून फोन केला, "आई, त्या माणसाचे तुम्ही आभार का मानले?" म्हटलं, एवढं कौतुक केलं, मानायला नकोत? मग तिनं समजावून सांगितलं. हल्ली म्हणे कॉम्प्युटरला नुसतं तोंडी सांगितलं की तो चित्र काढून देतो. ते गृहस्थ म्हणत होते की माझं चित्र तसलं आहे, मी लोकांना फसवते आहे. आणि मी त्यांचे शतशः आभार मानले. खाली चारशे लोकांनी लिहिलंय की बघा, बाईंनी स्वतःच कबूल केलं.

दुपारभर मी बोर्डासमोर बसून राहिले. ज्या कॉम्प्युटरनं मला उठवून फाइलींवर नंबर टाकायला बसवलं, त्याचंच चित्र चोरल्याचा आळ माझ्यावर. राग तर आलाच. पण खरं लिहायचं तर रडूही आलं.

मिस्त्री म्हणाले, "अगं, त्यांना ओळखू आलं नाही, हे तुझ्या हाताचंच कौतुक नाही का?"

"अहो, कौतुक घरात ठेवा. बाहेर मी चोर ठरले आहे."

७ फेब्रुवारी

प्रमुखबाईंचं पत्र आलं. भाषा नम्र आहे. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, पण दोन लाख लोकांना उत्तर द्यावं लागतं. तर मी चित्राचा काही भाग सगळ्यांसमोर थेट काढून दाखवावा, फोन चालू ठेवून, मध्ये कुठंही न कापता. नाहीतर चित्र प्रदर्शनात घेता येणार नाही आणि गटातूनही काढावं लागेल.

मी म्हटलं, एका पायावर तयार आहे. चौतीस वर्षं साहेब पाठीशी उभे राहून बघायचे, तेव्हा नाही घाबरले. उद्याच दाखवते.

मिस्त्री म्हणाले, "उद्या नको. आधी मशीन पूर्ण होऊ दे."

सूनबाईही म्हणाली, नको, घाई कशाला. दोघं एकमेकांकडे बघत होते. या घरात हल्ली डोळ्यांनी बोलायची साथ आली आहे. १५ मार्च ठरला, रविवार, सकाळी अकरा. थेट काय दाखवायचं ते मी ठरवलं. दोरा. पट्टीवर रेघ मारून दाखवली तर त्यात काय मोठं, ती कोणीही मारेल.

११ फेब्रुवारी

मिस्त्रींच्या गुडघ्यासाठी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून डॉक्टरचं नाव काढलं, म्हणून मी सोबत गेले. एरवी तापात फणफणले तरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतील.

डॉक्टर तरुण आणि गुणी वाटले. गुडघा त्यांनी जेमतेम दोन मिनिटं पाहिला. मग माझ्याकडे वळले. मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं असणार की मी चित्रं काढते, कारण त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "बाई, मध्यापासून सुरू करून एक गोल गोल वेटोळं काढून दाखवता?" मी म्हटलं, शाईचं पेन आहे का? त्यांच्याकडे औषधाच्या जाहिरातीचं बॉलपेन होतं. त्यानं काय डोंबल चित्र येणार. शिवाय कागदाखाली मऊ पॅड. वेटोळं बारीक झालं आणि कडा दातेरी आल्या. मी माफी मागितली, म्हटलं, हे माझं काम समजू नका. ते म्हणाले, नाही नाही, छान आहे, आणि तो कागद जपून फाइलीत ठेवला. कलेची कदर असलेला माणूस.

नंतर बोटं मिटून उघडायला सांगितली, मनगट हलवून पाहिलं, कॉरिडॉरमधून मलाही चालून दाखवायला लावलं. गुडघा यांचा आणि चालते मी. बहुतेक आमच्या वयाच्या सगळ्यांचंच बघत असावेत. निघताना म्हणाले, "बाई, एकदा तुम्ही वेगळ्या येऊन जा. सवडीनं." दवाखान्याच्या भिंती मोकळ्या आहेत, चित्र हवं असणार. म्हटलं, मशीन झालं की येते.

घरी येताना मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. गुडघ्याचं काहीतरी गंभीर असेल का, ही काळजी लागली आहे.

२५ फेब्रुवारी

एकशे बेचाळीस भाग शाईत पूर्ण. आजचा दिवस लक्षात राहावा म्हणून लिहिते आहे, बाकी फार दमले आहे. बोर्ड भिंतीला टेकवून आम्ही दोघं समोर बसलो. मिस्त्री बराच वेळ बघत होते. मग उठून जवळ गेले आणि एका स्क्रूवर बोट ठेवून म्हणाले, "याचे आटे तू डावे काढलेस." म्हटलं, डावेच आहेत, तुम्हीच दाखवलेत. त्यांनी चादरीवरून तो स्क्रू उचलून पाहिला. डावेच होते. म्हणाले, "चाळीस वर्षांत इतकं बारकाईनं मीही नाही पाहिलं." हे वाक्य मी कोणालाही देणार नाही, माझ्यासाठी ठेवते.

आता फक्त दोरा राहिला आहे.

४ मार्च

दोऱ्याचा सराव चालू आहे. जुन्या फिल्मच्या तुकड्यांवर रोज दहा वेळा. आज दहातले तीन चांगले आले. काल चार.

थंडी गेली. टेबलाला आता पाचरा इतक्या झाल्यात की ते हलायचं म्हटलं तरी हलणार नाही. पेनाची निब नवी आहे. शाई नवी आहे. आज मी उजवा हात कोपरापासून टेबलावर पूर्ण टेकवून ठेवला आणि नुसता बघत बसले. मग उठून भाजी निवडायला घेतली.

८ मार्च

सूनबाईशी खटका उडाला. ती म्हणाली, "आई, एक सुचवू? आपण आधी रेकॉर्ड करून ठेवू. तुम्हाला हव्या तितक्या वेळा काढा, चांगलं येईल ते लावू. कोणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "माझ्यावर आळ कशाचा आहे?"

"फसवणुकीचा."

"मग?"

ती खाली बघायला लागली. पोरीचा हेतू चांगला आहे, मला कळतं. माझी बाजू घेऊन ती रोज रात्री त्या लोकांशी भांडत असते, हेही मला माहीत आहे. पण मी आवाज चढवला. मग तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

वाटते, हे मी तिला सांगितलं नाही. इथं लिहिते. वाटते. पेन टेकवल्यावर काय होईल याची नाही वाटत. टेकवण्याआधीचं जे एक मिनिट असतं, त्याची वाटते.

१४ मार्च

आज पेन धुतलं, वाळवलं, भरलं. सरावाला हात लावला नाही. दुपारी झोपले.

१५ मार्च

झालं. सगळं क्रमानं लिहिते.

अकराला पाच मिनिटं असताना सूनबाईनं फोन स्टँडवर लावला. मी समजत होते की फोनमध्ये फक्त निब आणि कागद दिसेल. मिस्त्री खिडकीपाशी स्टुलावर, फोनला दिसणार नाहीत असे. अकरा वाजले. सूनबाई म्हणाली, "सुरू झालं. चार हजार लोक आहेत." मी नमस्कार केला आणि म्हटलं, आज मी दोरा काढणार आहे. भाषणाची मला सवय नाही.

पेन हातात घेतलं आणि ते एक मिनिट आलं. हात हवेत होता आणि त्याचं त्याचं चाललं होतं. मी घाई केली नाही. रेल्वे फाटकात उभं राहतो तशी थांबले. मग निब रिळावर टेकवली आणि हात शांत झाला.

रिळापासून पहिली कडी, तिथून दोन तबकड्यांच्या मधून खाली, परत वर, दांड्याच्या भोकातून. श्वास सोडताना रेघ ओढायची, घेताना थांबायचं आणि जोड कोणाला सापडू द्यायचा नाही. नऊ वळणं झाली. घरात आवाज नव्हता, रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं तेवढंच. दहाव्या वळणाला, दांड्याच्या जरा खाली, हात उडाला. रेघेला दात आला. केसाएवढा.

सूनबाई कुजबुजली, "आई, दिसत नाहीये. पुढं चला."

"मला दिसतंय."

ती म्हणाली, "राहू द्या ना. उलट बरंच आहे. मशीन अशी चूक करत नाही, लोकांची खात्री पटेल."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तो दात ठेवला असता तर तिथंच जिंकले असते, काही न करता. पण वाईट रेघ दाखवून मी माणूस आहे हे सिद्ध करायचं, ही कसली रीत? चौतीस वर्षं काय मी चुका काढायला शिकले? मी म्हटलं, "पातं दे."

दाढीच्या पात्याचं अर्धुक. फिल्मवरची शाई अशीच खरवडून काढतात, पण ती पूर्ण वाळावी लागते. मी वाळायची वाट बघत बसले. हात मांडीवर ठेवला होता. लोकांना कंटाळा येईल, असं सूनबाई म्हणाली. येऊ दे. पाच मिनिटांनी पातं आडवं धरलं आणि खरवडायला लागले. जोर जास्त झाला तर फिल्मला ओरखडा पडतो आणि दोन महिन्यांचं काम गेलं. कमी झाला तर शाई निघत नाही. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं. मिस्त्री स्टुलावरून उठले होते, मी डोळ्यांनीच त्यांना बसवलं. किती वेळ लागला ते मला कळलं नाही, सूनबाई म्हणते बावीस मिनिटं. मग रबर फिरवला, नखानं ती जागा घोटली आणि दहावं वळण पुन्हा काढलं. स्वच्छ आलं. अकरावं, बारावं, आणि सरळ खाली सुईच्या नेढ्यात.

पेन ठेवलं. मान वर केली तर सूनबाई रडत होती. मी म्हटलं, "फोन बंद कर आधी, मग रड." हे वाक्यही म्हणे तोवर जमलेल्या चौदा हजार लोकांनी ऐकलं.

मिस्त्रींनी चित्रावर भिंग धरलं. दहाव्या वळणावर बराच वेळ शोधत होते. सापडलं नाही. माझ्यासाठी प्रदर्शन तिथंच भरलं.

१६ मार्च

प्रमुखबाईंचं पत्र सकाळीच आलं. पहिली भिंत, आणि वर त्यांची दिलगिरी. ज्या गृहस्थांनी मशीनचं काम म्हटलं होतं त्यांनी लिहिलंय, "माझी चूक झाली. त्या हाताला नमस्कार."

मी म्हटलं, वाच पुढं, रेघेबद्दल काय म्हणतात? सूनबाई वाचत गेली. हात, हात, हात. "बाईंचा हात पाहून डोळ्यात पाणी आलं." "माझ्या वडिलांचा हात असाच होता." "एवढा हात थरथरत असताना." तासभर वाचलं. रेघेबद्दल अकरा जण. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, मला दाखव काय दाखवलंस त्यांना.

तिनं फोन माझ्या हातात दिला. त्यात एक म्हातारी बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर एक हात होता, तो गोळी वळल्यासारखा सारखा हलत होता. पाच मिनिटं, न थांबता. बाई दुसरीकडंच बघत होती. तो हात कोणाचा हे कळायला मला जरा वेळ लागला. मनगटावरचं घड्याळ ओळखलं.

मिस्त्री आत मशीन जोडत होते. दारात उभी राहून विचारलं, "त्या डॉक्टरांना चित्र नको होतं ना?"

"नाही."

"तुमचा गुडघा?"

"ठणठणीत आहे."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"गेल्या वर्षी नळ काढत होतीस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातला स्क्रू खाली ठेवला. "बोललो असतो तर तू मशीन काढायला घेतलं असतंस का?" मग म्हणाले, "पण माझं चुकलं. डॉक्टर म्हणत होते औषधानं फरक पडतो, लवकर सुरू केलं तर बरं. मी रोज ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज तू सकाळी इतक्या खुशीत बोर्डासमोर बसायचीस."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं, आणि चिडलेही असते. पण टेबलाच्या पायांखालच्या पुठ्ठ्याच्या घड्या दिसत होत्या, एकेका पायाला चार-चार. मी खाली बसले आणि त्यांना पुढचा भाग उचलून दिला. आम्ही अंधार पडेपर्यंत मशीन जोडलं. एकही स्क्रू उरला नाही.

१७ मार्च

डॉक्टरांकडे नंबर लावला. या वेळी माझ्या नावानं.

मग सूनबाईला बोलावलं. म्हटलं, लोकांना उत्तर द्यायचं आहे. ती म्हणाली, "आई, तुम्ही सांगा, मी लिहिते." नको म्हटलं. फोन टेबलावर ठेवला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि एका बोटानं टाइप केलं. वेळ लागला. ती आणि मिस्त्री माझ्या दोन्ही खांद्यांवरून बघत होते. मी त्यांना बघू दिलं.

"हो, माझा हात थरथरतो. रेघ तपासून घ्या."

सूनबाईनं विचारलं, "एवढंच?"

म्हटलं, एवढंच. पाठव.